रॉक बॅलडचं विश्लेषण: आधी घड्याळ, मग रकाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत. संगीताच्या प्रकल्पासाठी एक रॉक बॅलड निवडून त्यातल्या सांगीतिक घटकांचं विश्लेषण हजारेक शब्दांत लिहायचंय. मामाच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं, लेड झेपलिन या रॉक बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ तिने घेतलं. शाळेने दिलेल्या तक्त्यात आठ रकाने होते, ते तिने भरले: चाल गोड, लय संथ, ताल चार मात्रांचा, वाद्यं गिटार-ड्रम-बासरी, भाव उदास, वगैरे. सरांनी शेरा मारून वही परत दिली: ‘हे वर्णन झालं. विश्लेषण करा.’ तिची गांधर्व महाविद्यालयाची शास्त्रीय गायनाची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झालेली आहे, हार्मोनियम बऱ्यापैकी वाजवते, गिटार येत नाही. तुम्ही विचारताय की आता नेमकं काय करायचं, शास्त्रीय गाण्याचा इथे काही उपयोग आहे का, आणि त्यासाठी गिटार घ्यावी लागेल का.

तिच्या तक्त्यातलं बरंचसं बरोबर आहे, हे आधी तिला सांगा. घोटाळा असा झालाय की आठ मिनिटांच्या गाण्याला तिने प्रत्येक रकान्यात एकेकच उत्तर दिलंय. लय संथ, पण कुठे? सुरुवातीला संथच आहे. सातव्या मिनिटाला त्याच गाण्याला संथ म्हणायला कोणी धजावणार नाही. वाद्यांमध्ये ड्रम लिहिलेत. ते निम्मं गाणं उलटेपर्यंत वाजतच नाहीत. भाव उदास, मग शेवटी गायक एवढा किंचाळतो का? रॉक बॅलडमधला जवळपास प्रत्येक घटक गाणं चालू असताना बदलत जातो, आणि त्या बदलांच्या क्रमातच त्याची सगळी करामत असते. म्हणून माझ्याकडे अशी कामं घेऊन येणाऱ्या मुलांना मी तक्ता बाजूला ठेवायला लावतो. आधी घड्याळ लावायचं. रकाने नंतर आपोआप भरतात.

रॉक बॅलड म्हणजे काय, यावर पानभर लिहू नका. एरवी जोरात वाजवणाऱ्या बँडने हळू लयीत, हलक्या आवाजात सुरू केलेलं आणि बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने मोठं होत गेलेलं गाणं, एवढं पुरे. १९७० च्या आसपास स्टुडिओत १६ ट्रॅकची टेप आली, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करता येऊ लागले. एकाच माणसाने एकावर एक तीन-चार गिटारी चढवणं त्यामुळे सोपं झालं, आणि अशा रचलेल्या, थरावर थर देणाऱ्या गाण्यांना बळ मिळालं. हे एक वाक्य प्रस्तावनेत असावं, कारण पुढे टेक्स्चरबद्दल, म्हणजे आवाजांच्या विणीबद्दल, जे काही लिहायचं ते त्यावरच उभं आहे.

आता काम. आलेखाचा कागद आडवा धरा. खाली मिनिटं, शून्यापासून आठपर्यंत. मूळ ध्वनिमुद्रण ८ मिनिटं २ सेकंदांचं आहे. डाव्या बाजूला एकाखाली एक: गायन, साधी गिटार, रेकॉर्डर (हे एक फुंकवाद्य), इलेक्ट्रिक गिटार, की-बोर्ड, बास, ड्रम. मग गाणं ऐकायचं, पण एका वेळी एकाच ओळीसाठी. या खेपेला फक्त ड्रम, पुढच्या खेपेला फक्त गायन. जिथे वाद्य शिरतं तिथे रेघ सुरू, थांबतं तिथे रेघ बंद. फोनच्या स्पीकरवर हे जमणार नाही. त्यात बास ऐकूच येत नाही, आणि मुलं बिनदिक्कत लिहून टाकतात की बास नाही. साधे वायरचे हेडफोन घाला आणि दुपारच्या शांत वेळी बसवा.

कागद भरला की गाण्याचा सांगाडा डोळ्यांसमोर येतो. सुरुवातीला एकटी गिटार, बोटांनी छेडलेली. लगेच तिच्यावर रेकॉर्डर. तुमच्या मुलीने ज्याला बासरी म्हटलं ती ही वाद्यं. आडव्या बासरीसारखी फुंकायची नसतात, शिट्टीसारखं तोंड असतं, आणि इथे त्यांचे एकाहून अधिक आवाज एकमेकांत गुंफलेले आहेत. ती वाजवली आहेत बँडच्या बासवादकाने, जॉन पॉल जोन्सने. सव्वादोन मिनिटांच्या सुमारास पहिला भाग संपतो आणि इलेक्ट्रिक गिटारींचे थर चढायला लागतात. ४:१८ ला ड्रम. साडेपाच मिनिटांच्या सुमारास तुतारीसारखी ललकारी देणारे गिटारचे कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले तीन-चार सूर) येतात, आणि तिथे मात्रा मोजायला गेलं तर सम हातातून निसटते. मग गिटारचा सोलो. पावणेसातच्या पुढे शेवटचा जोरकस भाग, आणि अगदी अखेरीला सगळी वाद्यं गप्प होऊन एकट्या गळ्यातली एक ओळ.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. कुठल्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहितोय ते पहिल्याच परिच्छेदात लिहायचं: १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या चौथ्या अल्बममधलं. यूट्यूबवर मैफलीचा व्हिडिओ बघून मुलं हमखास लिहितात की हे गाणं दोन मानांच्या गिटारवर वाजवलंय. दोन मानांची गिटार बँडच्या गिटारवादकाने, जिमी पेजने, रंगमंचासाठी घेतली, कारण मैफलीत सहा तारांवरून बारा तारांवर जायला गिटार बदलण्याइतकी उसंत नसते. स्टुडिओत वेगवेगळ्या गिटारी वेगवेगळ्या ट्रॅकवर वाजवल्या होत्या. मैफलीत रेकॉर्डरही नसत. त्यांची बाजू पुढे मेलोट्रॉन नावाच्या की-बोर्डने सांभाळली. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांची सरमिसळ झाली की परीक्षकाला ते एका वाक्यात कळतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्यात रसाळ भाग तिथेच आहे. शास्त्रीय गाण्याचा उपयोग आहे आणि भरपूर आहे. सुरुवातीच्या गिटारचं विश्लेषण तुमची मुलगी हार्मोनियमवर, गिटार येणाऱ्या कित्येक मुलांपेक्षा नीट करू शकेल.

गाणं ए मायनरमध्ये आहे. म्हणजे सा धरायचा पांढरी सहाचा. आता गिटारचे सगळ्यात खालचे सूर तेवढे कानात पकडायला सांगा. ते असे उतरतात: पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. एकही पट्टी न सोडता सलग पाच पट्ट्या. सरगममध्ये म्हटलं तर सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध. हे तिने डाव्या हाताने सावकाश वाजवून बघावं. आपल्या कानाला ते पहिल्यांदा जरा विचित्रच लागतं. एकाच स्वराची दोन्ही रूपं अशी पाठोपाठ, सरळ उतरणीत, आपल्या रागसंगीतात सहसा येत नाहीत. ललतमध्ये दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी येतात ते मुलांना मुद्दाम अपवाद म्हणून दाखवावे लागतात. इथे तर दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत एका दमात.

आता उजवा हात. त्याच वेळी गिटारचा सगळ्यात वरचा सूर काय करतो? तो चढतो: सा, रे, कोमल ग. खाली सा-शुद्ध नि-कोमल नि आणि वर सा-रे-कोमल ग, दोन्ही एकाच वेळी. दोन्ही हात एकाच सा पासून निघतात आणि एकमेकांपासून लांब जातात. वरचा सूर त्या कोमल गंधारापर्यंत पोचतो आणि तिथून एकदम खाली शुद्ध धैवतावर येतो, तेव्हा खालचा सूरही शुद्ध धैवतावरच असतो. लांब गेलेले दोघे एकाच नावाच्या सुरावर भेटतात. पुढे खालचा सूर कोमल धैवतावर टेकतो आणि परत घराकडे, सा वर.

हे हार्मोनियमवर एकदा हाताखालून गेलं की ‘हार्मनी’च्या रकान्यात ‘सुंदर कॉर्ड आहेत’ असं लिहायची सोयच उरत नाही. ती लिहील: खालची ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरते, वरची चढते, दोघांमधलं अंतर वाढत जातं आणि मग एकदम मिटतं, एकट्या गिटारमध्ये हालचाल आहे ती त्यामुळे. हे विश्लेषण.

रागाचं नाव मात्र देऊ नका. हा मोह शास्त्रीय शिकलेल्या प्रत्येक मुलाला होतो आणि त्यांच्या पालकांना जरा जास्तच. मायनर स्केलचे सूर आसावरी थाटाचे आहेत, हे लिहायला हरकत नाही, ती सुरांची यादी आहे. पण अमुक राग म्हटलं की चलन आलं, वादी-संवादी आले, न्यास आले. यातलं या गाण्यात काहीही नाही. पुढे सोलोमध्ये पेज मुख्यतः पाच सूर वाजवतो: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. मुलगी लगेच म्हणेल, हा तर धानी! सूर धानीचे खरे, पण मधूनच कोमल धैवत डोकावतो, आणि एकूण वागणं धानीचं नाही. ‘या पाच सुरांचा संच आपल्याकडे धानीत येतो’ इथपर्यंत लिहावं आणि थांबावं.

या उतरत्या ओळीवर पुढे कोर्टकचेरीही झाली, आणि तिचा उल्लेख प्रकल्पात चार ओळींत जरूर यावा. स्पिरिट नावाच्या अमेरिकन बँडची ‘टॉरस’ ही वाद्यरचना १९६८ मध्ये आली होती. तिच्यातली उतरती ओळ झेपलिनने उचलली, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने कौल झेपलिनच्या बाजूने दिला, अपिलात पुन्हा खटला चालवा असं एकदा ठरलं, पण २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ज्युरीचाच निकाल कायम केला. आपल्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी लाखमोलाच्या आहेत. तुलना दोन ध्वनिमुद्रणांची करायची नव्हती. ‘टॉरस’ची जी नोटेशनची प्रत सरकारी दप्तरी जमा झाली होती तेवढीच ग्राह्य धरली गेली. म्हणजे कागदावरचं गाणं आणि कानावर पडणारं गाणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कोर्टानेच वेगळं काढून दाखवलं. दुसरी गोष्ट, अशी अर्ध्या-अर्ध्या स्वरांची उतरण ही कोणा एकाची मालमत्ता नाही. हेन्री पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या सतराव्या शतकातल्या ऑपेरात नायिकेचं शोकगीत आहे. त्याच्या खाली वारंवार फिरणारी बासची ओळ सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध अशीच उतरते आणि पंचमावर येते.

इथे तुमच्या मुलीला खरोखर स्वतःचं असं एक निरीक्षण मांडता येईल. पर्सेलची ओळ पंचमापर्यंत जाते. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ घ्या, १९७६ च्या अल्बममधलं. त्याच्या कॉर्डच्या पोटातही हीच उतरण लपलेली आहे: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी या कॉर्डमधून एकेक सूर वेचला तर सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प असा सरळ जिना मिळतो, फक्त सा पांढरी सातचा धरायचा. तीही पंचमापर्यंत जाते. झेपलिनची ओळ कोमल धैवतावरच थांबते. पंचम अर्ध्या स्वरावर असताना ती तिथे न जाता मागे फिरते, आणि म्हणूनच ते चक्र पुन्हा पुन्हा ऐकलं तरी पुरं झाल्यासारखं वाटत नाही. हा शेवटचा निष्कर्ष माझा आहे, तिला पटला तरच तिने घ्यावा. पण तीन गाण्यांतल्या ओळी हार्मोनियमवर शेजारी-शेजारी वाजवून तिने स्वतःचं मत बनवलं तर हजारातले दोनशे शब्द तिथेच भरतील, आणि ते चांगले भरतील.

आता गाण्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सोलोच्या खाली आणि शेवटच्या जोरकस भागात कॉर्ड कोणते आहेत? ए मायनर, जी, एफ. तीनच, फिरून फिरून तेच. त्यांच्यातले सगळे सूर मांडून बघितले तर ते आसावरी थाटाच्या बाहेर कुठेही जात नाहीत. शुद्ध निषाद गेला, शुद्ध धैवत गेला. सुरुवातीला एकटी गिटार पाच सलग पट्ट्यांवरून नाजूक उतरत होती. शेवटी सगळा बँड एकवटलाय आणि हार्मनी मात्र सगळ्यात साधी झालीय. आवाज वाढत जातो तसे सूर कमी होत जातात. माझ्या मते या गाण्याची कळ हीच आहे. कारणही उघड आहे. भरलेल्या गिटारी आणि जोरातले ड्रम यांच्या गदारोळात अर्ध्या स्वरांची ती नाजूक उतरण बुडून गेली असती. शिवाय सोलो वाजवणाऱ्याला पायाखाली स्थिर जमीन लागते, तीन कॉर्डचं चक्र ती देतं. प्रकल्पाचा मुख्य मुद्दा म्हणून हा एकच घेतला आणि बाकीचे रकाने त्याच्याभोवती मांडले तरी लेखाला कणा येईल.

लय आणि तालाचं बोलू. चार मात्रा हे उत्तर बरोबर, पण त्याने काही कळत नाही. ड्रम येईपर्यंतच्या सव्वाचार मिनिटांत लय कोण धरून ठेवतं? हा प्रश्न विचारला की मुलं पुन्हा ऐकायला बसतात. गिटारच्या सुट्या-सुट्या सुरांची ती एकसारखी धारच ठेका देते. ड्रम आल्यावर आघात कुठे पडतो ते बघायचं: स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपण समेवर टाळी द्यायला शिकलेलो असतो, त्यामुळे शास्त्रीय शिकणारी मुलं रॉकला टाळी देताना हटकून पहिल्या मात्रेवर देतात. तिला मुद्दाम दोन आणि चारवर टाळी देत एक मिनिट बसायला लावा. फरक तळहाताला कळतो.

आणि लय वाढते. हे तिला सहज सिद्ध करता येईल. सुरुवात, ड्रम आल्यानंतरचा भाग आणि शेवटचा जोरकस भाग, अशा तीन जागी १५ सेकंदांत किती मात्रा पडतात ते मोजायचं आणि चारने गुणायचं. आकडे तिचे स्वतःचे असू देत, वेबसाइटवरून उचललेले नकोत; एखाद-दोन मात्रांचा फरक पडला तरी चालेल. बहुतेक रॉक गाणी लय जिथे धरतात तिथेच सोडतात, त्यामुळे ही वाढ नोंदवण्यासारखी आहे. विलंबितातून द्रुतात जाणारी मैफल ऐकलेल्या मुलीला त्यात नवल वाटणार नाही, आणि नेमकं म्हणूनच ते तिच्या नजरेतून सुटेल.

टेक्स्चर आणि डायनॅमिक्स या दोन रकान्यांत मुलं नेहमी एकच उत्तर दोनदा लिहितात: आधी हळू, मग जोरात. आवाज मोठा असणं आणि आवाजाची वीण दाट असणं या वेगळ्या गोष्टी. नाशिकमध्ये हे समजावायला सोपं आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत मेन रोडला ढोलपथक उभं राहिलं की छातीत धडधडतं, पण तीसचे तीस ढोल एकच ठेका वाजवत असतात. आवाज प्रचंड, वीण एकपदरी. या गाण्यातले रेकॉर्डर कुजबुजल्यासारखे हळू आहेत, पण त्यांचे सूर वेगवेगळ्या वाटांनी चाललेत. आवाज लहान, वीण अनेकपदरी. तिने आलेखाच्या कागदावर प्रत्येक मिनिटाला दोन आकडे टाकावेत: किती जोरात, एक ते पाच, आणि एका वेळी किती वेगळ्या ओळी ऐकू येतात. दोन्ही आकडे कुठे बरोबर चालतात आणि कुठे फारकत घेतात, ते लिहिलं की दोन्ही रकाने सुटले.

रचनेबद्दल एक चूक टाळायची. इंग्रजी गाणं म्हटलं की मुलं डोळे मिटून ‘व्हर्स-कोरस’ लिहितात. या गाण्यात धृपदासारखं ठरावीक वेळाने परत येणारं कोरस नाही. पालुपदासारखी एक छोटी ओळ अधूनमधून येते, तेवढीच. बाकी गाणं पुढेच जात राहतं, मागच्या भागाकडे वळून बघत नाही. रेकॉर्डर एकदा गेले ते गेलेच. मागे येतं ते फक्त एक, शेवटची एकट्या आवाजातली ओळ: सगळे थर उतरवून गाणं पुन्हा एकट्यावर येतं. अभंग-भावगीतांची सवय असलेल्या कानाला धृपद नसणं चटकन जाणवायला हवं.

गायनाच्या रकान्यात तिने फक्त एक करावं. गायक रॉबर्ट प्लांटचा पहिल्या भागातला सगळ्यात वरचा सूर आणि शेवटच्या भागातला सगळ्यात वरचा सूर हार्मोनियमवर शोधून लिहावेत. चढ किती आहे ते आकड्यात दिसेल, आणि ‘भावपूर्ण गायन’ हे शब्द खोडता येतील.

लिहायचं कसं, ते एका उदाहरणाने दाखवतो. तिच्या वहीत होतं: ‘ड्रम जोरात वाजतात त्यामुळे गाणं उत्साही वाटतं.’ आता हेच असं लिहिता येईल: ‘ड्रम ४:१८ ला येतात, म्हणजे निम्म्याहून जास्त गाणं त्यांच्याशिवाय झालेलं असतं. तोवर लय गिटारच्या सुट्या सुरांनी धरलेली आहे. ड्रम आल्यावर आघात दुसऱ्या-चौथ्या मात्रेकडे सरकतो, त्यामुळे जुन्याच लयीला नवा झोक मिळतो.’ काय घडलं, कधी घडलं, आधी काय होतं, आणि त्याने ऐकण्यात काय फरक पडला. प्रत्येक परिच्छेदात किमान एक सेकंदाचा आकडा असला पाहिजे, असा नियमच करून टाका. आकडा घालता येत नसेल तर ते वाक्य बहुधा कुठल्याही गाण्याला चालणारं असतं. ते काढून टाकलं तरी काही बिघडत नाही.

गाण्याच्या शब्दांचा अर्थ लावण्यात मुलं फार शब्द खर्च करतात. हा भाषेचा पेपर नाही. दोन ओळी बस झाल्या. बँडचा इतिहास, किती प्रती खपल्या, कोणाचं कोणाशी भांडण झालं, हेही नको.

सरांनी गाणं बदलायची मुभा दिली तर बदलावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. गरज नाही. पण आठ मिनिटांचा आवाका जास्त वाटत असेल तर कोल्डप्लेचं २००५ चं ‘फिक्स यू’ सोपं पडेल: ऑर्गनवर सुरुवात, मग बँडचा स्फोट, आणि टप्पे इतके ठळक की पहिल्या ऐकण्यात सापडतात. तेच त्याचं उणंही आहे, लिहायला खाद्य लवकर संपतं. मेटालिकाचं १९९१ चं ‘नथिंग एल्स मॅटर्स’ हा माझा दुसरा पर्याय. त्याची सुरुवात गिटारच्या मोकळ्या तारांवर आहे, आणि लय सहाच्या गटात चालते, त्यामुळे दादरा येणाऱ्या मुलीला मात्रा लगेच सापडतात. त्यातही मायनरमध्ये मधूनच शुद्ध निषाद आणणारा बी सेव्हन कॉर्ड आहे, तो कुठे येतो ते शोधायला मजा येते. पण सुरुवातीच्या उतरणीसारखं हाताखाली धरून दाखवता येईल असं काही त्यात नाही, म्हणून मी तरी आहे तेच गाणं ठेवीन.

कॉर्ड कुठून घ्यायचे? इंटरनेटवरच्या कॉर्डच्या याद्या पोरांनी पोरांसाठी केलेल्या असतात. निम्म्या ठिकाणी त्या उतरत्या ओळीचं नुसतं ‘ए मायनर’ करून टाकलेलं असतं. यादी समोर ठेवायला हरकत नाही, पण खालचा सूर हार्मोनियमवर जुळवून बघितल्याशिवाय एकही कॉर्ड वहीत जाऊ देऊ नका. घरची पेटी जुनी असेल आणि ध्वनिमुद्रणाशी थोडी वर-खाली लागत असेल, तर फोनवरचं पियानोचं साधं ॲप वापरा, नाहीतर अर्ध्या स्वराच्या या खेळात ती उगाच गोंधळून जाईल. उतरण सरगममध्येही लिहावी आणि इंग्रजी स्वरनावांतही, दोन ओळी एकाखाली एक. सरगम बघून परीक्षक नाक मुरडतील ही भीती सोडा. नोटेशनची स्वतःची पद्धत बसवणाऱ्या, गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम आपल्याच पंचवटीत होता. त्या परंपरेत शिकलेल्या मुलीने तीच लिपी वापरली तर त्यात कमीपणा कसला?

सोलोचं नोटेशन उतरवायला मात्र बसू देऊ नका. आठवडा जाईल आणि हजार शब्दांत त्याला जागा नाही. सोलोतला एखादा छोटा तुकडा निवडून तो कुठल्या पाच सुरांत आहे आणि कोमल धैवत नेमका कुठे लागतो, एवढंच पुरे.

राहिला गिटारचा प्रश्न. या प्रकल्पासाठी अजिबात घेऊ नका. वर सांगितलेलं सगळं हार्मोनियम, हेडफोन आणि आलेखाचा कागद यांच्यावर होतं. काम झाल्यावर तिने स्वतःहून मागितली तर नायलॉनच्या तारांची साधी गिटार घ्या. स्टीलच्या तारांनी पहिल्या महिन्यात बोटं सोलवटतात आणि मग ती पलंगाखाली जाते. आणि तो आलेखाचा कागद प्रकल्पाला जोडायला विसरू नका, शक्यतो पहिल्याच पानावर.